वाया जाण्याआधी द्यावे कसे : कोल्हापुरातील घरासाठी एक सविस्तर रीत

कोल्हापुरात पाहुण्याला एकदा वाढून थांबणे हे जवळजवळ त्याच्या अपमानासारखे समजले जाते. तांबड्या रश्श्याची वाटी अर्धी होते न होते तोच वाढप्याचा हात पुढे येतो, पांढऱ्याला तर ‘नको’ हा शब्दच चालत नाही. या सढळपणाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाही हरकत नाही. मात्र पंगत उठल्यावर मांडवामागचे खरकट्याचे पिंप एकदा उघडून पाहिले, तर त्याच सढळपणाची दुसरी बाजू दिसते. घरात जी वस्तू आपण अखेरीस टाकून देतो, ती बहुधा दोन तास, दोन दिवस किंवा दोन वर्षे आधी कोणाच्या तरी उपयोगाची होती. चुकली ती फक्त वेळ. म्हणून ‘कमी वापरा आणि जास्त द्या’ असा मोघम उपदेश न करता, कोणती वस्तू केव्हा हातावेगळी करावी आणि ती वेळ साधण्यासाठी घरात काय व्यवस्था लावावी, एवढेच येथे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी : आठ दिवसांची वही

खरेदी, स्वयंपाक किंवा दानधर्म यांपैकी काहीही बदलण्याआधी आठ दिवस फक्त नोंद ठेवावी. ओल्या कचऱ्याच्या डब्याशेजारी एक जुनी वही खिळ्याला अडकवावी आणि पेन तिला दोऱ्याने बांधून टाकावे, कारण पेन शोधावे लागले की नोंद करायची राहून जाते. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी लिहाव्यात : काय टाकले, किती टाकले आणि का टाकले. साली, देठ, अंड्यांची टरफले मोजू नयेत. जे खाता आले असते तेवढेच लिहावे. प्रमाणासाठी वजनकाटा लागत नाही, वाटी, मूठ आणि नग ही मापे पुरेशी आहेत. तिसरा रकाना मात्र कधीही मोकळा सोडू नये, कारण पुढचे सगळे उपाय त्यातूनच निघतात.

आमच्या पहिल्या आठवड्याच्या नोंदीत तीन वाट्या भात, सहा चपात्या, जवळजवळ पूर्ण जुडी कोथिंबीर, अर्धी वाटी खोबरे आणि दोन वेगवेगळ्या दिवशीच्या उसळी होत्या. कारणे वाचताना लक्षात आले की भात सोडल्यास बाकीच्या नोंदींपुढे मी ‘दिसले नाही’ असेच लिहिले होते. आमच्या फ्रिजमध्ये सगळे स्टीलचे झाकणाचे डबे होते. मागच्या डब्यात काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नसे आणि घाईत कोणी उघडत नसे. उपाय अगदी साधा निघाला. उरलेले अन्न काचेच्या किंवा पारदर्शक डब्यात ठेवायचे आणि डोळ्यांसमोरचा एक कप्पा फक्त ‘आधी हे संपवा’ यासाठी राखायचा. पूर्ण भरलेला फ्रिज पाहून आपल्याला समृद्ध वाटते खरे, पण त्यातले निम्मे आपण पाहिलेलेही नसते.

दुसरी पायरी : बाजारातून परतल्यानंतरची पंधरा मिनिटे

भाजी किती आणावी यापेक्षा ती कोणत्या क्रमाने खायची, हे ठरवणे जास्त उपयोगी पडते. रविवारी लक्ष्मीपुरीतून किंवा कपिलतीर्थ मंडईतून आठवड्याची भाजी आणली, तर पहिल्या दोन दिवसांत मेथी, पोकळा, शेपू या पालेभाज्या संपवाव्यात. त्यानंतर वांगी, दोडका, गवारी घ्यावी. कोबी, गाजर मागे ठेवावेत आणि आठवड्याची अखेर बटाटा, लाल भोपळा व कडधान्ये यांवर काढावी. हा क्रम कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावला की ‘आज काय करायचे’ हा रोजचा प्रश्नही सुटतो.

कोथिंबीर आल्या आल्या निवडावी, मुळे कापावीत, पाने ओली असतील तर फडक्यावर पसरून कोरडी करावीत आणि मग सुती कापडात किंवा कागदात गुंडाळून डब्यात ठेवावी. पाण्याचा थेंब राहिला की ती कुजते. केळी व सफरचंदे पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि त्या वायूने जवळची पालेभाजी लवकर पिवळी पडते. म्हणून फळांची परडी भाजीपासून दूर ठेवावी.

पाकिटावरच्या तारखांचाही अर्थ नीट समजून घ्यावा. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख चव आणि दर्जा यांविषयी असते. ती उलटलेला बिस्किटांचा किंवा रव्याचा बंद पुडा डोळे मिटून कचऱ्यात टाकण्याचे कारण नाही, उघडून, वास घेऊन, पाहून ठरवावे. ‘युज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ ही मात्र सुरक्षिततेची तारीख आहे, तिच्याशी तडजोड करू नये आणि तसली वस्तू कोणाला देऊही नये.

बाजारातल्या औदार्याविषयी एक गोष्ट येथेच सांगते. सायंकाळी टोपली उरकायला बसलेल्या मावशींशी पाच रुपयांसाठी घासाघीस करायची आणि त्याच रस्त्याने पुढे जाऊन देवळाच्या पेटीत पन्नासची नोट टाकायची, हा हिशेब मला कधीच पटला नाही. वाकडी काकडी किंवा लहान वांगी निवडून बाजूला सारू नयेत. चिरल्यावर त्यांत काही फरक राहत नाही, आणि मावशींची टोपली मात्र रिकामी होते.

तिसरी पायरी : माप आणि विचारणा

भाताचे माप ठरवून टाकावे. जेवणात भाकरी किंवा चपाती असेल तर एका मोठ्या माणसाला साधारण ७५ ग्रॅम तांदूळ भरपूर होतात. ही एक ठरावीक वाटी तांदळाच्या डब्यातच ठेवावी. भाकरी-चपात्यांच्या बाबतीत मापापेक्षा विचारणा कामाला येते. कोण बाहेर जेवणार आहे हे सकाळी निघतानाच सांगण्याची शिस्त घरात लागली, तर रात्रीच्या चार चपात्या आपोआप वाचतात.

उरलेल्या अन्नाचे काय करावे हे कोल्हापूरच्या स्वयंपाकघराला शिकवण्याची गरज नाही. शिळ्या भाकरीचा कुस्करा, फोडणीची चपाती, कांदा-लसूण चटणी घालून परतलेला भात हे पदार्थ मुद्दाम उरवून करावेत इतके चांगले लागतात. सांगायचे आहे ते भाताच्या धोक्याविषयी. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष नंतर फोडणी देऊन किंवा गरम करूनही नाहीसे होत नाही. म्हणून सकाळच्या जेवणानंतर दोन तासांच्या आत उरलेला भात पसरट भांड्यात मोकळा करून, निववून फ्रिजमध्ये ठेवावा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात स्वतः खाऊ नये आणि दारात आलेल्याला तर नक्कीच देऊ नये.

चौथी पायरी : कार्यातील शिल्लक अन्न

बारसे, साखरपुडा, लग्न, वास्तुशांत अशा प्रसंगी एका दिवसात जेवढे अन्न वाया जाते, तेवढे घरी कित्येक दिवसांत जात नाही. शंभर पानांत प्रत्येकी फक्त पन्नास ग्रॅम भात उरला तरी पाच किलो भात होतो. त्यामुळे येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत आणि त्यांचा एक नियम मला सगळ्या शासकीय नियमांहून नेमका वाटतो : “द्यायचं तर पातेल्यातलं द्यावं, ताटातलं न्हवं.” पानात वाढलेले अन्न उष्टे झाले, ते जनावरांसाठी किंवा खतासाठी, माणसासाठी फक्त पळी न लागलेले किंवा निदान वाढपाच्या भांड्यात न गेलेले अन्न. हा नियम पाळायचा, तर तयारी कार्य संपल्यावर करून चालत नाही, ती आठवडाभर आधी करावी लागते.

निमंत्रणे पोहोचल्यानंतर आठ दिवस आधी जवळच्या घरांना फोन करून किती माणसे येणार ते विचारावे. यात संकोच बाळगू नये. विचारले की माणसांना उलट बरे वाटते. तो आकडा आचाऱ्याला सांगताना आपल्या मनातली भीती त्यात मिसळू नये. आपण दहा टक्के वाढवून सांगतो, आचारी त्यावर आणखी दहा टक्के धरतो आणि घरातले थोरले काका ऐन वेळी ‘कमी पडायला नको’ म्हणून आणखी एक पातेले चढवतात. कमी पडण्याची भीती खरीच असेल, तर जास्त शिजवण्याऐवजी लवकर होणारा जिन्नस हाताशी ठेवावा. धुऊन निथळलेले तांदूळ आणि तयार फोडणी असली, तर अर्ध्या तासात भात होतो, आणि तांदूळ उरले तर ते पोत्यात परत जातात.

त्याच आठवड्यात शिल्लक अन्न कोठे द्यायचे हेही ठरवावे. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, बाहेरगावच्या रुग्णांचे नातलग दिवसच्या दिवस बसलेले असतात. शहरात विद्यार्थ्यांची वसतिगृहे आहेत, बांधकामांवर मजूर राहतात, ऊसतोडणीच्या हंगामात गावाबाहेर कामगारांच्या खोपी पडतात. त्यांपैकी ज्यांना द्यायचे त्यांना आधीच भेटून चार प्रश्न विचारावेत : किती माणसे आहेत, जेवणाची वेळ काय, मांसाहार चालतो का आणि अन्न घ्यायला भांडी आहेत का. संस्था असेल तर तेथील व्यवस्थापकांची परवानगी घ्यावी. न विचारता रात्री साडेअकराला टेम्पो दारात उभा करणे म्हणजे आपली अडचण दुसऱ्याच्या गळ्यात मारणे आहे. एका कार्यात आम्ही स्वतः नेमके हेच केले होते. ज्या वसतिगृहात बासुंदीचे पिंप नेले, तेथील मुले जेवून झोपली होती. ठेवायला फ्रिज नव्हता आणि नाही म्हणायला तेथील मामांना जड जात होते. सकाळी ती बासुंदी गटारात गेली असणार, हे आम्हाला घरी येताना वाटेत उमगले.

कार्याच्या दिवशी दोन माणसांवर फक्त हेच काम सोपवावे. शेवटची पंगत बसली की त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन न वाढलेले अन्न वेगळे काढावे. अन्न एकतर ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राहिले पाहिजे किंवा ५ अंशांच्या खाली थंड. मधल्या तापमानात ते झपाट्याने बिघडते. मंडपात थर्मामीटर नसतो, म्हणून साधी खूण अशी की वाफ निघणारा पदार्थ द्यावा आणि निघणे थांबून बराच वेळ झालेला देऊ नये. चपाती, पुरी, कोरडी भाजी, लाडू, जिलेबी निर्धास्तपणे देता येतात. डाळ, रस्सा, भात पुन्हा उकळी आणून किंवा वाफ देऊन लगेच पोहोचवावा. दही घातलेली कोशिंबीर, खोबऱ्याची ओली चटणी, दुधाचे पदार्थ आणि मटणाचा थंड झालेला रस्सा देऊ नये, कितीही हळहळ वाटली तरी. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने शिल्लक अन्नाच्या वितरणासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. घरच्या कार्यातही प्रत्येक भांड्यावर पदार्थाचे नाव, शाकाहारी की मांसाहारी आणि केव्हा शिजवले, एवढे चिकटपट्टीवर लिहून लावावे.

आग्रहाविषयीही बोलले पाहिजे. आग्रह बंद करण्याची मुळीच गरज नाही. फक्त पळी लहान करावी. अर्ध्या पळीने चार वेळा वाढले, तर आग्रहही चौपट होतो आणि पानात उरतही नाही.

पाचवी पायरी : कपाट, ओटीचे खण आणि वाकळ

बहुतेक घरांत ओटीत आलेल्या खणांची एक पिशवी असते. त्यातला एकही खण कोणी शिवत नाही. तो या घरातून त्या घरात फिरतो, घड्यांवर पिवळा पडतो आणि शेवटी बोहारणीकडेही चालत नाही. या फिरतीत कोणीच काही देत नाही, कोणाला काही मिळतही नाही. रीत मोडायची नसेल तर वस्तू बदलावी : खणाऐवजी चांगला सुती टॉवेल, तांदळाची लहान पिशवी किंवा वह्या द्याव्यात. घरात साठलेले खण एकत्र करून शिवणकाम शिकणाऱ्या मुलींच्या वर्गात सरावासाठी नेऊन दिले, तर ते एका दुपारीत कामी येतात.

कपड्यांसाठी वर्षातून दोन तारखा ठरवाव्यात, एक शाळा सुरू होण्याआधी आणि एक दिवाळीआधी. मुलाचा गणवेश जूनमध्ये कोणाच्या तरी उपयोगाचा असतो, डिसेंबरमध्ये नसतो. कपडा देताना तो धुतलेला, इस्त्री केलेला, बटणे लावलेला असावा. स्वतःच्या भावाच्या मुलाला आपण जो कपडा द्यायला लाजू, तो कोणालाच देऊ नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शहरात आणि शिरोळ तालुक्यात मदतीचे ट्रक आले, त्यांत अगदी मनापासून पाठवलेल्या गोष्टी होत्या; तशीच फाटक्या, मळक्या कपड्यांची गाठोडीही होती, जी निवडण्यात स्वयंसेवकांचे दिवस गेले. पूरग्रस्तांना त्या वेळी कोरडे अंथरूण, नवी अंतर्वस्त्रे, सॅनिटरी नॅपकिन आणि पिण्याचे पाणी हवे होते. संकटात वस्तू पाठवण्याआधी तेथील माणसाला यादी विचारावी आणि यादीबाहेरचे काही पाठवू नये.

देण्याच्या लायकीचे न उरलेल्या सुती साड्या व धोतरे यांची वाकळ करावी. हाताने वाकळ शिवणाऱ्या बायका अजूनही पेठांत आणि आसपासच्या गावांत आहेत. साधारण सहा-सात जुन्या साड्यांत एक चांगली वाकळ होते. शिलाई देताना मात्र, कापड आपलेच आहे म्हणून पैसे कमी करू नयेत, कारण त्या टाक्यांत त्या बाईचे कित्येक दिवस जातात.

औषधांचे एका वाक्यात सांगते : कापलेली पट्टी, जिच्यावर मुदत व नाव दिसत नाही, ती कोणालाही देऊ नये.

सहावी पायरी : मूठ, रक्त आणि शेणी

या भागाला मुष्टिफंड नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे. त्यांच्या वसतिगृहांतील मुलांसाठी घरोघरी रोजच्या स्वयंपाकातून मूठभर धान्य बाजूला काढून ठेवले जाई. त्याआधी, १९०१ साली, राजर्षी शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून येथे वसतिगृहांची परंपरा सुरू केली होती. आजच्या घरात ही मूठ पुन्हा सुरू करणे सोपे आहे. तांदूळ धुण्याआधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकावी. एक मूठ साधारण चाळीस-पन्नास ग्रॅम धरली, तर महिन्याला सव्वा ते दीड किलो तांदूळ जमतात. दहा घरांच्या गल्लीत ते बारा-पंधरा किलो होतात. महिना संपला की डबा त्याच दिवशी रिकामा करावा, नाहीतर त्याला पोरकिडे लागतात. घेणाऱ्या संस्थेला दर महिन्याची तारीख कळवावी, कारण ठरलेल्या दिवशी येणारे पंधरा किलो त्यांना हिशेबात धरता येतात.

हीच गोष्ट रक्ताची. संपूर्ण रक्त नेहमीच्या पिशवीत ३५ दिवस टिकते आणि प्लेटलेट पाचच दिवस. त्यामुळे नेत्याच्या वाढदिवसाला शंभर जणांनी रांग लावण्यापेक्षा त्यांतल्या निम्म्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत, महाविद्यालयांतील शिबिरे थांबलेली असताना, रक्तपेढीत जावे हे बरे. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आणि दोन रक्तदानांत पुरुषांना ९० व स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर, हे निकष लक्षात ठेवावेत आणि पुढची तारीख दिनदर्शिकेवर लिहून टाकावी.

होळीच्या दिवसांत शेणी दान करण्याची रीत शहरात रुजली आहे, ती आपल्या मंडळातही आणावी. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते आणि त्यासाठी शेणी लागतात. होळी कमरेएवढी केली तरी ती होळीच असते. उरलेल्या शेणी गाडीत भरून स्मशानभूमीत पोहोचवाव्यात आणि पोळ्या आगीत टाकण्याऐवजी दुपारी गरम असतानाच वाटाव्यात.

घरी काम करणाऱ्या ताईंचा पगार ठरलेल्या तारखेला द्यावा. उरलेली भाजी डब्यात घालून देणे हे औदार्य नव्हे, पगार वेळेवर आणि सुट्टी न कापता देणे हे आहे. भाजी द्यायचीच असेल तर ताजी असताना आणि विचारून द्यावी.

सातवी पायरी : जे खरोखरच उरते त्याचे खत

एवढे करूनही साली, देठ, चहाचा चोथा आणि देवावरची फुले उरतातच. कोल्हापूरकरांनी गणेशविसर्जनाला काहिलींमध्ये मूर्ती बुडवणे आणि निर्माल्य वेगळे देणे मनापासून स्वीकारले आहे. मग रोजचे निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पंचगंगेत किंवा रंकाळ्यात टाकायचे काय कारण?

तळाशी आणि बाजूंना भोके असलेली बादली किंवा जुने माठ घ्यावे. तळात विटांचे तुकडे, त्यावर सुका पाला किंवा रसवंतीवरून आणलेली चिपाडे बारीक तोडून, वाळवून घालावीत. रोजचा ओला कचरा एक वाटी, तर त्यावर सुका भाग निदान दीड-दोन वाट्या हे प्रमाण ठेवावे. सगळी गोम याच प्रमाणात आहे. सुरुवातीला आंबट ताकात गुळाचा खडा विरघळवून शिंपडल्यास कुजण्याला वेग येतो. आठवड्यातून दोनदा काठीने वर-खाली करावे. घाण वास आला तर पाणी जास्त झाले असे समजून सुका पाला घालावा, मुंग्या झाल्या तर कोरडे पडले असे समजून पाणी शिंपडावे. तेलकट रस्सा, हाडे आणि शिजलेला भात त्यात घालू नये, उंदीर येतात. साधारण दीड-दोन महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचे खत तयार होते, ते चाळणीने चाळून घ्यावे आणि न कुजलेला भाग परत बादलीत टाकावा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना इतके खत लागत नाही. आमच्या इमारतीत ते खालच्या मजल्यावरचे आजोबा नेतात आणि दर पंधरवड्याला कढीपत्त्याची एक डहाळी आमच्या दाराच्या कडीला अडकवून जातात.